टोक मागे, बर्फ पुढे

गोव्यात शाळेचा विषय निघाला की गाडी माध्यमावर येऊन थांबते. मराठी, कोकणी की इंग्रजी, आणि अनुदान कुणाला? वाद महत्त्वाचा आहे. इथे स्वित्झर्लंडमध्येही जर्मनभाषक कँटनांत, म्हणजे प्रांतांत, मुलांना आधी फ्रेंच शिकवायचं की इंग्रजी, यावर भांडणं होतातच. पण मूल भूगोलाच्या वहीत पेन्सिलीने काय करतं, याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. माध्यम कुठलंही असो, हिमनदीची आकृती बहुधा फळ्यावरून उतरवायची, नावं द्यायची आणि गुण घ्यायचे. त्यातून बर्फ सरकतो कसा, हे कळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ज्या मुलांनी फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नाही, त्यांना हिमनदी कशाला? भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ साली गोव्यातूनच निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोत, सड्यावर आहे, आणि स्पितीत चार हजार मीटरहून उंचावरचं ‘हिमांश’ हे संशोधन केंद्रही तिचंच. शिवाय हिमनदी समोर असली म्हणून ती समजते असं नाही. आल्प्समधल्या सर्वांत मोठ्या आलेच हिमनदीचा जलद भागही दिवसाला साधारण अर्धा मीटर सरकतो. सहलीच्या दोन तासांत तो दगडासारखा स्थिर दिसतो. त्यामुळे चाल कळायला इथल्या मुलालाही कागदच लागतो, आणि तो गोव्यातल्या डिचोलीतही मिळतो.

इथल्याच ऱ्होन हिमनदीवर १८७४ साली या काठापासून त्या काठापर्यंत रंगवलेल्या दगडांच्या ओळी मांडल्या गेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं त्या किती वाकतात हे मोजलं गेलं. तेच कागदावर करायचं. ए-फोर कागदावर १० सेंटिमीटर अंतराने दोन उभ्या रेषा काढा, हे काठ. वरच्या बाजूला काठापासून काठापर्यंत एकेका सेंटिमीटरवर ११ ठिपके द्या. आकडे सांगण्याआधी मुलांना चार वर्षांनंतरची ओळ अंदाजाने काढायला लावा. ही पायरी गाळली तर पुन्हा नुसतं उतरवणंच उरतं. मग दरवर्षीची चाल द्या: मधला ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन ठिपके २० मिलिमीटर, त्यापुढचे १८, मग १३ आणि काठावरचे ४. चार वर्षं, चार रंग.

बहुतेक अंदाज इंग्रजी व्ही-सारखे टोकदार किंवा अर्धगोल येतात. मोजून काढलेली ओळ मात्र मध्ये जवळपास सपाट राहते आणि काठाशी एकदम वाकते. मांडवीच्या मध्यात पाणी जोरात असतं हे मुलांना ठाऊक असतं, ती तुलना इथवर चालते. पुढे बर्फाचा स्वतःचा नियम लागतो. त्यावरचा ताण दुप्पट झाला की आकार बदलण्याचा वेग सुमारे आठपट होतो. हा ताण काठाशी सर्वाधिक आणि मध्यावर नगण्य, म्हणून सगळं वाकणं काठाशी. आणि काठावर शून्य न धरता ४ मिलिमीटर का? कारण बर्फ नुसता आकार बदलत नाही, खडकावरून घसरतोही.

आता त्याच कागदावर, डाव्या काठाला चिकटून २ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्याला एक वर्ष पुढे न्या: काठाकडची कड ४, केंद्र १३, आतली कड १८ मिलिमीटर. वर्तुळ तिरकं ताणलं जातं. ज्या दिशेला ते ताणलं, तिच्याशी काटकोनात बर्फ फाटतो. म्हणून काठाजवळच्या हिमभेगा काठापासून आत जाताना उगमाकडे झुकतात. पाठ केलेल्या आकृतीत त्या सहज उलट्या, उताराच्या दिशेने काढल्या जातात, कारण वाहत्या वस्तूच्या रेषा वाहत्या दिशेनेच असणार असं हाताला वाटतं.

सगळ्यांत मोठी चूक मात्र ‘हिमनदी मागे हटते’ या वाक्यात दडलेली आहे. हे वाक्य ऐकून मूल बाण उलटा काढतं, जणू बर्फ डोंगर चढून परत गेला. त्यावरचा सराव असा. हिमनदीचा लांबीच्या दिशेने उभा छेद काढा आणि खालच्या टोकापासून ५० मिलिमीटर वर, बर्फात एक दगड दाखवा. प्रत्येक फेरीत सगळा बर्फ १० मिलिमीटर पुढे येतो आणि टोकाचा १५ मिलिमीटर वितळतो. टोक दर फेरीला ५ मिलिमीटर मागे जातं, दगड मात्र १० मिलिमीटर पुढेच येतो. चौथ्या फेरीत तो बर्फाबाहेर पडतो. घाईतली मुलं थेट पाचाची वजाबाकी करून दगडासकट अख्खी हिमनदी मागे ओढतात, म्हणून आधी पुढे आणायचं, मगच वितळवायचं, हा क्रम मोडू देऊ नका. खोडरबरही दूर ठेवा. टोकाच्या जुन्या रेषा कागदावर राहिल्या पाहिजेत. टोक जिथे काही काळ थांबतं, तिथे दगडमातीचा बांध साचतो, तोच हिमोढ, आणि तो समजावताना याच रेषा कामी येतात.

माध्यम कुठलंही ठरो, मराठीत शिकवणाऱ्यांनी ‘हिमनदी मागे हटली’ऐवजी ‘हिमनदीचं टोक मागे गेलं’ म्हणावं. आणि परीक्षेत नावं द्यायला सांगण्याऐवजी एक दगड काढून द्यावा, पुढच्या तीन फेऱ्यांतली त्याची जागा विचारावी आणि निम्मे गुण बाणाच्या दिशेला ठेवावेत.