कुठल्या खात्यातले?

परवा रविवारी मंडईत एका काकांनी मला महापालिकेचा माणूस ठरवून टाकलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते थांबले नाहीत. राग अजून पुरता गेलेला नाही म्हणूनच लिहायला बसलोय.

मला मोबाईलवर फोटो काढायचा नाद लागलाय. कसा लागला ते सांगत बसत नाही, सगळ्यांना लागतो तसाच. नवीन फोन, गच्चीवरून सूर्यास्त, 'अय्या, हा तू काढलास?' म्हणणारी एक मावसबहीण, संपलं. त्यात दुकानदाराने ५० मेगापिक्सेल, ५० मेगापिक्सेल असं इतक्यांदा ऐकवलं होतं की मी सहा महिने त्याच भ्रमात होतो, मग कळलं की हा फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक करतो आणि फोटो देतो साडेबारा मेगापिक्सेलचा. कमी उजेडात त्याचा फायदा होतो हे खरं आहे, मान्य, पण मग खोक्यावर साडेबाराच लिहा की! २००० साली जपानमध्ये शार्प कंपनीने कॅमेरावाला फोन काढला तो ०.११ मेगापिक्सेलचा होता, आणि लोकांनी तो हौसेने घेतला. तेव्हा कोणी कोणाला फसवलं नसावं, कारण फसवायलाच काही नव्हतं.

पण मजा येते हो. आधी लेन्स पुसायची, शर्टाच्या टोकाने का होईना. अर्ध्या पुण्याच्या फोनवर वडापावचं तेल असतं आणि लोक म्हणतात कॅमेरा धूसर आहे. मग स्क्रीनवर जिथे उजेड हवाय तिथे बोट दाबून धरायचं, एक बारका सूर्य उगवतो, तो बोटाने खाली ओढला की फोटो काळवंडत जातो आणि जे भगभगीत दिसत होतं त्याला एकदम चेहरा येतो. आमच्या सोसायटीचा जिना इतकी वर्षं मी फक्त चढलो-उतरलो होतो. सकाळी साडेसातला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिरपं ऊन येतं आणि गंजलेल्या कठड्याची सावली पायऱ्यांवर मोडत मोडत खाली जाते हे मला बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटची नोटीस लागल्यावर दिसलं. पोह्यांची वाफसुद्धा समोरून काढली तर दिसत नाही, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे वाफेच्या मागून उजेड येईल असं उभं राहिलं की दोरासारखी वर जाताना सापडते. तोवर पोहे गार होतात आणि बायको म्हणते, आता फोटोच खा.

तर पाऊस पडून गेल्यावरचं डबकं. फोन उलटा धरायचा, लेन्स खालच्या बाजूला आणून पाण्याला जवळजवळ टेकवायची, की ताटाएवढं डबकं तळ्यासारखं दिसतं आणि समोरची इमारत त्यात अख्खी उतरते. मंडईच्या बाहेर रस्त्याला असाच एक खड्डा पडलाय, त्यात मंडईचा तो अष्टकोनी मनोरा कळसापर्यंत मावतो. आणि माझ्या डोक्यात होता फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ. त्याने १९३२ साली पॅरिसमध्ये गार सँ-लाझार स्टेशनाच्या मागे, कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून एक फोटो काढला, एक माणूस साचलेल्या पाण्यावरून उडी मारतोय, टाच पाण्याला टेकणार एवढ्यात क्लिक. त्या फोटोने जगाला वेड लावलं. म्हटलं मनोरा आहे, पाणी आहे, मंडईत उडी मारणाऱ्यांची तर वाणच नाही. उकिडवा बसलो, फोन उलटा केला, वाट बघायला लागलो.

"कुठल्या खात्यातले?"

वर बघितलं. पांढरा हाफ शर्ट, एका हातात मिटलेली काळी छत्री, दुसऱ्या हातात नायलॉनची पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी शेपू.

"नाही, मी फोटो काढतोय."

"ते दिसतंय. पथ विभाग का ड्रेनेज?"

"अहो काका, मी सहज, छंद म्हणून."

"खड्ड्याचा?"

आता यावर काय बोलणार. मी म्हटलं, खड्ड्याचा नाही, पाण्यात मनोरा दिसतो त्याचा. काका वाकले, चष्मा सरकवला, खड्ड्यात बघितलं, मान वर करून खऱ्या मनोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तो इथे उभा आहे की सुलटा. फुकट दिसतोय."

मग मला वाटलं जातील. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली. पुण्यात माणसाने पिशवी खाली ठेवली की समजायचं, अर्धा तास. ही इमारत १८८६ची, गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणायचे, महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत असताना हिच्या खर्चाला विरोध केला होता आणि आता नाव बघा कोणाचं आहे, हे सगळं एका दमात सांगून झाल्यावर म्हणाले, "तेव्हाचं दगडी काम बघा आणि हा रस्ता बघा. लिहून घ्या."

"काका, मी महापालिकेचा नाही."

"नसाल. पण फोटो तर काढताय ना? मग नीट काढा. नुसत्या पाण्याच्या फोटोवरून खोली काय कळणार त्यांना?"

आणि छत्री उलटी करून त्यांनी माझ्या मनोऱ्याच्या बरोबर मध्यावर खुपसली.

पाणी गढूळ झालं, मनोरा गेला, तळाचा चिखल वर आला. छत्री वीतभर आत गेली होती. काका ती तशीच उभी धरून एनसीसीच्या कॅडेटसारखे ताठ राहिले. "हं. घ्या."

मी घेतला फोटो. का घेतला विचारू नका, समोर छत्री रोवून माणूस ताठ उभा राहिला की अंगठा आपोआप दाबला जातो. काकांनी फोन हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, खड्डा वगळून थेट स्वतःच्या तोंडावर आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"माझं नाक असं आहे?"

नाही, काकांचं नाक चांगलं आहे. पण फोनची मुख्य लेन्स चांगलीच वाइड असते, जुन्या फिल्मच्या हिशोबात २४-२६ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे माणसाच्या जवळ गेलात की जे पुढे आहे ते आणखी पुढे येतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे काय असतं ते सांगायला नको. दोन पावलं मागे जाऊन २x वर, म्हणजे दुप्पट झूमवर काढायचं असतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं. खूप छान समजावलं असं माझं मत आहे. काका म्हणाले, "मग ते आधी करायचं."

इथे कडेला बसलेल्या भाजीवाल्या मावशी, ज्या इतका वेळ गवार निवडत होत्या आणि सगळं ऐकत होत्या, त्यांनी तोंड घातलं. "काका, छत्री काळी, पाणी काळं, दिसंल कसं त्यात? ह्यो दुधी घ्या, ढवळा हाय."

"परत घ्याल का मग विकायला?"

"धुवून घीन की."

आणि खरंच दुधी आला. छत्री बाहेर, दुधी आत. काका आता उकिडवे बसून दुधीचा देठ दोन बोटांत धरून माझ्याकडे बघतायत, मी दोन पावलं मागे, २x वर, मागे गर्दी जमायला लागलेली, एक जण विचारतोय रील आहे का, दुसरा सांगतोय चॅनलवाले आलेत. आणि मी दुधीवर फोकस धरलेला असताना स्क्रीनच्या एका कोपऱ्यातून डोक्यावर पाटी घेतलेला एक हमाल आला आणि गर्दी चुकवायला त्याने त्या डबक्याच्या पलीकडच्या अंगाने जी लांब ढांग टाकली, एक पाय मागे हवेत, एक पुढे, पाटी जागची हलली नाही, मागे मनोरा, ढगातून नेमकं ऊन... काय सांगू. ब्रेसाँने आपला लायका कॅमेरा टाकून नमस्कार केला असता.

माझ्याकडे आला तो दुधी. अगदी शार्प. देठावरचे केससुद्धा मोजता येतील.

मी ओरडलोच. काका दचकले, काय झालं विचारलं. मी तोंडातून एवढंच काढलं की तो, तो उडी मारून गेला तो फोटो हवा होता. आणि इथे काकांमधला कार्यकर्ता जागा झाला. "एवढंच ना? अरे ए! ए पाटीवाले! इकडे ये. परत एकदा उडी मार. साहेबांना फोटो हवाय."

हमाल थांबला. वळला. "कुठला पेपर?"

"पेपर नाही, महापालिका," काका म्हणाले. मी तोवर दुरुस्त्या करणं सोडून दिलं होतं.

त्याने पाटी उतरवली, केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणाला, पाटीशिवाय काढा, पाटीत तोंड दिसत नाही. मी म्हटलं पाटी पाहिजे. मग पाटी घेतली, पण म्हणाला बाजूने नको, समोरून काढा. समोरून उडी म्हणजे काय, तर तो माझ्याच अंगावर आला. मग बाजूने मारली, पण हवेत असताना कॅमेऱ्याकडे बघून हसला. परत मारली, हसला नाही पण अंगठा दाखवला. तिसऱ्या वेळी काकांनी 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि तीनला उडी मारायची का तीननंतर यावर त्यांचं आणि मावशींचं वाजलं. शेवटी हमाल म्हणाला, धंद्याचा टाइम आहे, पन्नास रुपये द्या. दिले. फोटो असा आलाय की एक माणूस अंगात आल्यासारखा हवेत आहे, खाली राडा झालेलं पाणी आहे, मनोरा कशातच नाही, आणि डाव्या कोपऱ्यात एक दुधी.

चिखल खाली बसून पाणी नितळ व्हायला वेळ लागतो. तोवर थांबलो असतो, पण दोनदा टेम्पो गेला आणि मग ऊन असं डोक्यावर आलं की सगळंच सपाट. दुधी मात्र मला विकत घ्यावा लागला. मावशी म्हणाल्या, धुतला तरी गिऱ्हाईक घेनार न्हाई, सगळ्यांनी बघितलाय. चाळीस रुपये.

आता हसू येतं, पण मला खरंच एक कळत नाही. त्याच मंडईसमोर त्याच वेळी एक मुलगी भर रस्त्यात उभी राहून गोल गोल फिरत रील करत होती, मागे रिक्षा खोळंबलेल्या, तिला कोणी विचारलं नाही कुठल्या खात्यातली. स्वतःचं तोंड काढत असाल तर कुठेही काढा, अंत्यविधीला काढा, कोणी हटकत नाही. पण फोन स्वतःकडून वळवून एखाद्या भिंतीकडे, सावलीकडे, पाण्याकडे धरा, लगेच तुम्ही संशयित. मागे एका बागेत वॉचमनने शिट्टी मारत धावत येऊन सांगितलं, कॅमेऱ्याला परवानगी लागते. मी म्हटलं हा मोबाईल आहे. तो म्हणाला, "मोबाईलला ना नाही साहेब, पण तुम्ही कॅमेऱ्यासारखा धरलाय." म्हणजे वाईट धरला असता तर चाललं असतं. त्याच्या मागे बाकावर एक कुटुंब सेल्फी स्टिक घेऊन बसलं होतं. मी निमूट फोन खिशात घातला आणि घरी येऊन चिडचिड बायकोवर केली, ती म्हणाली मग घरातल्या बारशाला फोटो काढ म्हटलं तेव्हा कुठे होतास.

आणि डीएसएलआरवाले! ते तर बोलतही नाहीत, नुसतं बघतात. त्यांच्या गळ्यात वजन असतं, आपल्या खिशात, एवढाच फरक, पण त्यांना रस्त्यावर लोक वाट करून देतात. वजनालाच मान आहे आपल्याकडे.

असो, काकांचं राहिलं. त्यांनी फोटो व्हॉट्सॲपवर मागितले, नंबर दिला, पाठवले. तासाभरात फोन. "फोटो फुटतायत." मी सांगितलं की व्हॉट्सॲप आकार कमी करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. पाठवले. संध्याकाळी माझ्या मेहुण्याने मला एक फॉरवर्ड पाठवलं, खाली लिहिलंय 'जागरूक पुणेकर ज्येष्ठ नागरिकाचे अभिनव आंदोलन, खड्ड्यात दुधी लावून निषेध', आणि वर माझाच फोटो. हमाल कापलेला. अंगठे, टाळ्या, नमस्कार, एका अनोळखी बाईंचं 'फोटोग्राफी उत्तम'. नाव कुठेच नाही. त्याच दिवशी मी जिन्यातल्या सावलीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता, त्यावर एकुलता एक रिप्लाय आला, 'कठड्याला रंग काढून घ्या, टेटॅनस होईल.'

काल रात्री काकांचा मेसेज आला. 'बुधवारी वेळ आहे का. लक्ष्मी रोडला चेंबरचं झाकण खचलंय. सकाळी आठला ऊन तिरपं असतं, मी बघून आलोय. येताना २x आणा.'

ब्लू टिक बंद करून ठेवलीय. ऊन तिरपं असतं हे मात्र त्यांनी बरोबर बघितलं.