टीव्हीला सेन्सॉर आहे म्हणे!

एक मेसेज फिरतोय, २०२५ पासून बघतोय मी तो, शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण सार तेच. टीव्हीला नियम आहेत, सेन्सॉर आहे, तिथे एक शब्द वाकडा गेला तर चॅनेल बंद पडतं. युट्यूबवाले कॉमेडियन मात्र मोकाट. म्हणून समय रैनाच्या शोमध्ये ती घाण झाली, म्हणून कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर गाणं केलं, लोकांचा संयम सुटला नि स्टुडिओ फुटला. संविधानाने भावना दुखवायचा अधिकार कुणाला दिलेला नाही. आणि अभिनेत्री केतकी चितळे जेलमध्ये होती तेव्हा हे फ्री स्पीचवाले कुठे होते? सगळ्यांना टीव्हीसारखी शिस्त लावा. खाली हात जोडलेला इमोजी, पटलं तर पुढे पाठवा. मला पटलं नाही, का ते एकेक करून सांगतो.

"टीव्हीला सेन्सॉर आहे." नाहीये हो. सेन्सॉर बोर्ड म्हणजे सीबीएफसी, ते सिनेमाला सर्टिफिकेट देतं, टीव्हीवर सिनेमा किंवा ट्रेलर दाखवायचा तर ते सर्टिफिकेट लागतं. पण सिरियल, रिअॅलिटी शो, बातम्या, रात्री नऊची ती आरडाओरड, यातलं काहीही लागायच्या आधी सरकारचा कुठलाही माणूस बघत नाही. टीव्हीला आहे तो १९९५ चा केबल टीव्ही कायदा आणि त्याखालचा प्रोग्राम कोड, नियम क्रमांक ६. वाचायला फार कडक आहे: धर्मावर किंवा समाजावर हल्ला नको, जातीय तेढ नको, बदनामी नको, मुद्दाम खोटं नको, अर्धसत्य नको. अर्धसत्य नको!! हे खरंच लिहिलंय त्यात, आता हे वाचून रात्री कुठलंही न्यूज चॅनेल लावा.

आणि तक्रार करायची तर आधी कुणाकडे, त्याच चॅनेलकडे. त्यांना १५ दिवस. समाधान झालं नाही तर त्यांच्या संघटनेने बसवलेल्या संस्थेकडे, न्यूजवाल्यांची मोठी संस्था म्हणजे एनबीडीएसए. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात, आदेश वाचले तर बरेचसे चांगले लिहिलेले असतात, पण दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने विचारलं की एक लाखाने कुणाला काय फरक पडणार. वर याच संस्थेचं सभासद असायला हवं असंही नाही. रिपब्लिकवाल्यांनी २०१९ मध्ये वेगळी संघटनाच उभी केली. आपणच मंडळ काढायचं नि आपल्याच मंडळाकडे आपली तक्रार न्यायची, याला मेसेजवाले सेन्सॉर म्हणतात.

"एक शब्द चुकला तर चॅनेल बंद." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये सुदर्शन टीव्हीने 'यूपीएससी जिहाद' असं नाव देऊन मालिकेचा प्रोमो आणला, म्हणजे मुसलमान पोरं परीक्षा पास होऊन अधिकारी होतात ते कारस्थान आहे असं. अभ्यास करून पास झालेली पोरं! केंद्राने प्रसारण अडवलं नाही, चार भाग लागले, मग १५ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने बाकीचे थांबवले. आणि शेवटी माहिती-प्रसारण मंत्रालयाने काय केलं, तर पुढे जपून राहा अशी समज दिली. चॅनेल चालू. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्ली दंगलीच्या वार्तांकनावरून एशियानेट न्यूज आणि मीडियावन या दोन मल्याळम चॅनेलांवर त्याच मंत्रालयाने ४८ तासांची बंदी घातली होती. बोंबाबोंब झाल्यावर काही तासांत उठवली ती गोष्ट वेगळी. मीडियावन तर २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बंद पाडलं, सुरक्षेचं कारण देऊन, आणि ते कारण नेमकं काय हे चॅनेललाही न सांगता बंद पाकिटात फक्त कोर्टाला दिलं. ती बंदी २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. म्हणजे चॅनेल बंद होतंच नाही असं नाही. कुणाचं होतं ते बघा.

आता आपल्या घरातलं उदाहरण. कोरोनाच्या पहिल्या महिन्यात तबलिगी जमातवर टीव्हीने जे काही केलं ते आठवतंय ना? कोरोना बॉम्ब, कोरोना जिहाद, रात्रंदिवस तेच. गावोगावी भाजीवाल्याला नाव विचारायला लागले होते लोक. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यात मशिदींमध्ये राहिलेल्या परदेशी लोकांवर गुन्हे दाखल झाले, ती केस मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली आणि २१ ऑगस्ट २०२० ला न्यायमूर्ती नलवडे आणि सेवलीकर यांनी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. निकालात स्पष्ट लिहिलंय की छापील आणि इलेक्ट्रॉनिक मीडियात या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं. त्या प्रचारासाठी कुठलं चॅनेल एक दिवस तरी बंद झालं का, किती अँकरांनी पासपोर्ट जमा केला? ज्या संध्याकाळी हा निकाल आला त्या संध्याकाळी टीव्हीवर सुशांतसिंह राजपूत चालू होता, आठवून बघा.

सुशांतच्या वेळी आज तकने त्याच्या नावाने खोटी ट्विटं दाखवली, एक लाख दंड, माफी. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की रिपब्लिक आणि टाइम्स नाऊचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी कोर्टाचा अवमान करणारं आहे, पण कारवाई नाही केली, मार्गदर्शक तत्त्वं सांगून सोडलं. मे २०२५ मध्ये पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यात मेलेल्या एका शिक्षकाला चॅनेलांनी अतिरेकी म्हणून दाखवलं. ज्याचा बळी गेला त्यालाच अतिरेकी! पोलिसांना खुलासा काढावा लागला, पुढे पूंछच्या कोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. एका माणसाने पालकांवर गलिच्छ प्रश्न विचारला तर त्यावर संसदेत चर्चा, यावर किती झाली ते तुम्हीच सांगा.

"कॉमेडियन मोकाट." समय रैनाच्या शोमध्ये आलेल्या युट्यूबर रणवीर अलाहाबादियाचा पालकांवरचा तो प्रश्न अत्यंत भिकार होता, त्यात विनोद शोधूनही सापडत नाही, हे बोलून टाकतो म्हणजे कुणी मला त्याचा वकील समजायला नको. पण मोकाट? मुंबई, गुवाहाटी, जयपूर असे गुन्हे. सरकारच्या आदेशावरून भाग ब्लॉक. समय रैनाने सगळा शोच काढून टाकला. सुप्रीम कोर्टाने १८ फेब्रुवारी २०२५ ला रणवीरला अटकेपासून संरक्षण दिलं पण पासपोर्ट ठाणे पोलिसांकडे जमा करायला लावला आणि नवा शो करायला मनाई केली, ती मार्चमध्ये सैल झाली. त्याच्याही आधी मुनव्वर फारुकी. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये उचलला, जो विनोद त्याने त्या रात्री केलाच नव्हता त्यासाठी, आणि महिनाभराहून जास्त आत. आणि किकू शारदा तर टीव्हीवरचाच, त्याला २०१६ मध्ये हरयाणा पोलिसांनी राम रहीमची नक्कल केली म्हणून अटक केली. म्हणजे टीव्हीवर शिस्त लागलीच तर कुणाला, विदूषकाला. पुढच्याच वर्षी ज्याची नक्कल केली तो बाबा बलात्कारात दोषी ठरला.

"लोकांचा संयम सुटला." कुठले लोक हो? २३ मार्च २०२५ च्या रात्री मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत घुसले ते शिंदे गटाचे कार्यकर्ते होते, काही पदाधिकारी, पकडले गेले आणि जामिनावर बाहेर. खुर्च्या, लाइट, कॅमेरे फोडले. कामराचा शो तिथे कधीचा शूट होऊन गेला होता, त्या रात्री तिथे दुसऱ्याच कुणाचा कार्यक्रम चालू होता. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन हजर. शेड तात्पुरती होती, बेकायदा होती म्हणे. असेल. मुंबईत बेकायदा शेड शोधायला निघालं तर पालिकेला पुढची शंभर वर्षं काम पुरेल, नेमकी हीच शेड नेमकी त्याच दिवशी कशी सापडली?

आणि ज्या शब्दावरून हे झालं तो 'गद्दार', तो कामराने शोधून काढला का? जून २०२२ पासून मराठी चॅनेलांवर रोज सकाळी, दुपारी, रात्री तोच शब्द लाइव्ह. विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' आमदारांनी नाचून म्हटलं, सगळ्यांनी दाखवलं, टीआरपी खाल्ला. सकाळी नऊचा भोंगा म्हणून संजय राऊतांच्या ज्या पत्रकार परिषदेला शिव्या घालता ती चुकवत तर कुणीच नव्हतं. आमदार बोलला तर बातमी, पुढारी बोलला तर टोला, कॉमेडियनने चाल लावून म्हटलं तर सुपारी!

"संविधानाने भावना दुखवायचा अधिकार दिलेला नाही." कलम १९(२) उघडा. देशाची अखंडता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. भावना कुठे आहे? धार्मिक भावनांचं कलम आहे वेगळं, पण तिथेही हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेलं असावं लागतं. पुढाऱ्याच्या भावनांचं कलम अजून तरी नाही. आणि शिव्या म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या केसमध्ये सांगून झालंय.

"केतकी चितळेच्या वेळी कुठे होते?" इथे मेसेज निम्मा बरोबर आहे. शरद पवारांवरची दुसऱ्या कुणाची तरी कविता तिने फेसबुकवर टाकली, मजकूर हीन होता, पण मे २०२२ मध्ये अटक, गुन्ह्यांवर गुन्हे आणि सुमारे चाळीस दिवस कोठडी, हे महाविकास आघाडीच्या राज्यात झालं आणि आमच्यातले बरेच जण तेव्हा गप्प बसले, काही तर खूष होते. लाज वाटायला हवी. फक्त उरलेला निम्मा पण वाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अब्दुल सत्तारांनी कॅमेऱ्यापुढे सुप्रिया सुळेंना शिवी दिली, कृषिमंत्री होते ते. चॅनेलांनी बीप टाकून दिवसभर फिरवली. दिलगिरी झाली, मंत्रिपद राहिलं. चितळेला कोठडी आणि सत्तारांना बीप, हे दोन्ही एकाच महाराष्ट्रात सहा महिन्यांच्या अंतराने.

"टीव्हीसारखी शिस्त लावा." मला कुठलंच चॅनेल बंद करायचं नाहीये, सुदर्शनसुद्धा नाही, कारण बंद करायचं बटण एकदा हातात आलं की ते मीडियावनवर दाबलं जातं. २०१७ चा एक आदेश मात्र मला आवडतो. उर्दू कवी गौहर रझा यांना एका मुशायऱ्यावरून झी न्यूजने अफझलप्रेमी, म्हणजे अफझल गुरूचा चाहता, ठरवलं होतं, त्यावर एनबीएसएने (एनबीडीएसएचं तेव्हाचं नाव) एक लाख दंड तर केलाच, पण माफी कशी दाखवायची तेही लिहून दिलं: रात्री नऊ वाजता, पूर्ण स्क्रीनवर, मोठ्या अक्षरात, आवाज स्पष्ट आणि वाचण्याचा वेग हळू. नुसतं 'हळू' म्हणावं लागलं बघा, नाहीतर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतल्या सूचनेसारखं गुंडाळलं असतं. अशी शिस्त लावा, ज्या वेळेला खोटं सांगितलं त्याच वेळेला, त्याच अँकरच्या तोंडून. युट्यूबलाही लावा, हरकत नाही. फक्त आदेश यायला दीड वर्ष लावू नका, झीच्या त्या केसमध्ये कार्यक्रम मार्च २०१६ चा होता.