‘किती मोजले असतील?’

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला गांजाच्या खटल्यात काल जामीन मिळाला आणि आज सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो ‘किती मोजले असतील?’ हा. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली पाहून माझे डोके फिरले, म्हणून इथे लिहितो आहे.

हा मुलगा ट्रकवर क्लीनर होता. भाजीच्या क्रेटखाली पोती सापडली, चालक पळून गेला आणि हा तेवढा हाती लागला. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार आरोपीला गुन्ह्याची जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते आणि ती नव्हती हे त्यानेच, तेही वाजवी शंकेपलीकडे, सिद्ध करायचे असते. माल ताब्यात होता हे आधी सरकारने दाखवावे लागते, हे मान्य. पण ट्रकमध्ये झोपणाऱ्या क्लीनरच्या बाबतीत ते दाखवायला कितीसा वेळ लागतो?

त्यातून ३७ वे कलम आहेच. माल व्यावसायिक प्रमाणात, म्हणजे गांजाच्या बाबतीत २० किलोंहून जास्त, असेल तर आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी आधार आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याखेरीज जामीन मिळत नाही. साक्षीदारांना पिंजऱ्यात बोलावण्याआधीच निर्दोष दिसायचे, तर ते कसे? याच्या पंचनाम्यात देठ, बिया, पाने असे सगळे एकत्र तोलून आकडा २० च्या जेमतेम वर नेला होता. कायद्याच्या व्याख्येत मात्र गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात धरत नाहीत. हा मुद्दा वकिलाने मांडला की तुम्ही त्याला ‘तांत्रिक पळवाट’ म्हणता. ज्या आकड्यावर दहा वर्षांची किमान शिक्षा ठरते, तो आकडा तपासणे ही पळवाट कशी?

एमडीसारख्या अमली पदार्थाने घरे उद्ध्वस्त होत आहेत आणि मोठे मासेही याच मुद्द्यांवर सुटतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी क्लीनरला वर्षानुवर्षे कच्चा कैदी म्हणून ठेवायचे का? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात, सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आरोपीला जामीन देताना सांगितले की खटला विनाकारण रेंगाळला तर ३७ वे कलम जामिनाच्या आड येऊ शकत नाही. आपल्या मुलालाही वजनाच्या शंकेबरोबर याच निकालाचा आधार मिळाला. त्याच्या आईने पैसे मोजले हे मात्र खरे आहे. वकिलाची फी द्यायला तिने मंगळसूत्र मोडले, आणि हे ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

खटला अजून संपलेला नाही, तो सुटेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पुढच्या तारखेला मी त्या माउलीला घेऊन कोर्टात जाणार आहे. हसरे चेहरे टाकणाऱ्यांपैकी कोणाला यायचे असेल तर कळवा, गाडीत तिघांची जागा आहे.