कोणता लिबरल, ते तरी सांग

आमच्या मामेभावंडांच्या ग्रुपवर गेल्या रविवारी धाकट्या भावाने एक नोटीस टाकली. कोथरूडच्या सोसायटीची. यापुढे फ्लॅट फक्त कुटुंबांनाच भाड्याने द्यायचे, एकट्यादुकट्या मुलामुलींना नाही. हा कमिटीवर आहे. त्याच सोसायटीत माझाही फ्लॅट आहे आणि त्याची किल्ली ह्याच्याकडेच असते. मी लिहिलं, मालकीण मी, भाडेकरू सज्ञान, मग मध्ये कमिटी कोण? उत्तर आलं: ‘ताई, तुम्हा लिबरल लोकांचं बरं असतं. तिकडे बसून आम्हाला अक्कल शिकवायची. सगळे डावे सारखेच. पाश्चात्त्य खुळं नुसती.’

आधी राग आला तो ‘डावे’चा. ‘तिकडे बसून’चा राग नंतर आला, रात्री दोन वाजता.

कारण इकडे नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टेलव्हेनमध्ये तेरा वर्षं काढल्यावर मला ‘लिबरल’ या शब्दाचा उलटाच ताप आहे. शुक्रवारच्या बोरलला, म्हणजे ऑफिस सुटल्यावरच्या गप्पा-पेयपानाला, मी स्वतःला लिबरल म्हटलं, की सहकारी गृहीत धरतात, हिला कर कमी हवेत आणि ही व्हीव्हीडीला मत देत असणार. १९४८ सालचा हा पक्ष उद्योजकांचा, घरमालकांचा, उजवीकडचा. त्याच्या शेजारी १९६६ चा डी-६६ पक्ष. तोही लिबरल, पण त्याला शाळा, हवामान आणि इच्छामरण महत्त्वाचं. युरोपीय संसदेत दोघे एकाच गटात बसतात, घरी मात्र जावाजावांसारखं चालतं. ऑस्ट्रेलियात ज्या पक्षाचं नावच लिबरल, तो उजवा. अमेरिकेत रूझवेल्टने न्यू डीलच्या काळात हा शब्द उचलला, त्यामुळे तिथे लिबरल म्हणजे सरकारने खर्च करावा म्हणणारा. आणि आपल्याकडे लिबरल म्हणजे शिवी. तेव्हा भाऊ, मला शिव्या दे, पण कोणता लिबरल ते तरी सांग!

राजकीय पक्षाचं नाव म्हणून हा शब्द आला स्पेनमधून. नेपोलियनच्या सैन्याने देश व्यापला असताना कादिझ बंदरात प्रतिनिधी जमले आणि १८१२ ची राज्यघटना लिहिली. राजाच्या सत्तेला वेसण घालू पाहणारे ते ‘लिबेरालेस’, आणि विरोधकांना त्यांनी नाव दिलं ‘सेर्व्हिलेस’, म्हणजे हुजरे. शिव्यांची देवाणघेवाण पहिल्या दिवसापासूनच आहे म्हणायची.

विचार त्याहून जुना, आणि तो माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर लिहिला गेला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक १६८३ मध्ये इंग्लंडमधून पळून हॉलंडला आला. राजाविरुद्धच्या कटाचा संशय होता, म्हणून काही काळ ॲम्स्टरडॅममध्ये खोट्या नावाने लपून राहिला. तिथेच त्याने धार्मिक सहिष्णुतेवरचं पत्र लॅटिनमध्ये लिहिलं, ते १६८९ मध्ये गौडात छापलं गेलं. गौडा म्हटलं की आपल्या लोकांना फक्त चीज आठवतं. लॉकचं म्हणणं साधं होतं: राज्याचं काम माणसाचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळायचं, त्याच्या आत्म्याची काळजी वाहायचं नाही. म्हणजे परदेशात बसून मायदेशाला अक्कल शिकवणं ही या विचाराची जन्मखूणच आहे. हे मी ग्रुपवर टाकलं. एकाने हसरा चेहरा टाकला, भावाने काहीच नाही.

ॲम्स्टरडॅमच्या महापालिकेसमोर स्पिनोझाचा, लॉकच्याच काळातल्या इथल्या तत्त्वज्ञाचा, पुतळा आहे. खाली कोरलंय, राज्याचं उद्दिष्ट स्वातंत्र्य हे आहे. त्याच्या झग्यावर ब्रॉन्झच्या चिमण्या आहेत आणि पोपट आहेत. आपलेच, लाल कंठीचे. ते आता ॲम्स्टरडॅममध्ये थव्यांनी राहतात आणि कोथरूडच्या पिंपळावर ओरडायचे तसेच ओरडतात. मी तिथे सँडविच खायला बसते ते स्पिनोझासाठी की पोपटांसाठी, हे खरं सांगायचं तर पोपटांसाठी.

‘पाश्चात्त्य खूळ’ मात्र मी सहन करणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन सांगितलं, की इंग्रजांचं अर्थशास्त्र जसंच्या तसं हिंदुस्थानाला लागू नाही, इथे उद्योग उभे करायला सरकारने हातभार लावला पाहिजे. इंग्लंडमध्ये लिबरल सरकारने वृद्धांना पेन्शन दिली १९०८ मध्ये, लिबरल मंडळींनाच सरकारचा हात नकोसा वाटेनासा झाल्यावर. रानडे त्याच्या सोळा वर्षं आधी तिथे पोचले होते. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. यांना आपण मवाळ, नेमस्त म्हणून मोकळे झालो. नेमस्त! जेवण कमी जेवणाऱ्याला म्हणावं तसं.

आणि लिबरलांचा दुसरा प्रकार, खुल्या बाजारवाला, तर आमच्या घरातच होता. भावाचे वडील, म्हणजे माझे मामा, निफाडचे. ऐंशी सालच्या कांदा-ऊस आंदोलनात त्यांनी शरद जोशींचा लाल बिल्ला छातीवर लावला, तो शेवटपर्यंत देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला होता. सरकारने माझ्या कांद्याची निर्यात अडवू नये, भाव पाडू नयेत, सबसिडी नको आणि लूटही नको, ही मागणी शंभर टक्के उदारमतवादी आहे. जोशी तर अख्खा देश जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या नावाने बोटं मोडत असताना खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले, आणि १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मामांना कुणी डावं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला ओसरीवरून खाली उतरवलं असतं. हेही मी लिहिलं. यावर भावाचा फोन आला. चॅटवर नाही, फोनच.

‘अण्णांना मध्ये आणू नकोस,’ म्हणाला. मग शांतपणे म्हणाला, ‘ताई, तुझ्या फ्लॅटची जाहिरात मीच टाकली होती ना? त्यात काय लिहायला सांगितलं होतंस?’

मला आठवत होतं. फक्त कुटुंब, शाकाहारींना प्राधान्य.

‘आणि तो हिंजवडीतला मुलगा आला होता, बायकोसकट, कुटुंबच होतं की ते. नाव ऐकून तू काय म्हणालीस? व्हॉइस मेसेज आहे माझ्याकडे.’

मी म्हणाले होते, नको रे, उगाच सोसायटीत कटकट होईल. मुलगा मुसलमान होता. मी हे ट्राममध्ये बसून, कानात इयरफोन घालून म्हणाले होते, वीस सेकंदांत. दहा सेकंद तर त्यात इथल्या पावसाबद्दल होते.

आता दुसरी गोष्ट सांगते, जी मी दहा वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक दिवाळी पार्टीत सांगितली आहे. आम्ही नवीन आलो तेव्हा एका घरमालकाने घर दाखवलं, नवऱ्याशी हात मिळवला, आणि दारात विचारलं, तुम्ही रोज मसाले घालून स्वयंपाक करता का? पडद्यांना वास राहतो म्हणे. घर मिळालं नाही. ही गोष्ट सांगताना मी त्याचा आवाज काढते, लोक हसतात, मग सगळे डच लोकांच्या सहिष्णुतेवर तुटून पडतात. फोन ठेवल्यावर दोन्ही गोष्टी पहिल्यांदा शेजारी शेजारी आल्या.

मग माझ्या लाडक्या लॉकचं ते पत्रही मी नीट वाचलं, नुसतं उद्धृत करण्यापुरतं नाही. त्याच्या सहिष्णुतेतून नास्तिक वगळलेत, कारण त्यांच्या शपथेवर भरवसा नाही. आणि ज्यांची निष्ठा परक्या राजाकडे, तेही वगळलेत. रोख कॅथलिकांवर होता. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलं, त्याआधी पस्तीस वर्षं तो ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता. पुस्तकात सुरुवातीलाच सांगून टाकतो, की हे मागासलेल्या समाजांसाठी नाही. त्यांना एखादा अकबर लाभला तर नशीब समजावं. ते समाज म्हणजे आपणच. डच लिबरल नेता थोर्बेके याच्या १८४८ च्या घटनेने इथे राजाचे अधिकार मंत्र्यांकडे आणले, पण मत फक्त पुरेसा कर भरणाऱ्या पुरुषांना. बायकांना मिळालं १९१९ मध्ये. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी. पत्नी वारली तेव्हा वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. आणि ज्या सरकारात व्हीव्हीडी आणि डी-६६ दोघे होते, ते जानेवारी २०२१ मध्ये पडलं, कारण बालसंगोपन भत्त्यात हजारो पालकांना खोटंच फसवणूकखोर ठरवलं गेलं होतं, आणि संशय घेताना दुहेरी नागरिकत्वही बघितलं जात होतं. म्हणजे पुन्हा तेच, परका राजा.

लॉकच्या त्या कसोटीवर मी स्वतः कुठे बसते? माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, कारण तो परत करायचा म्हटलं की आईला काय सांगू हा प्रश्न येतो. त्यामुळे पालिकेच्या निवडणुकीचा स्टेमपास, म्हणजे मतदानाचं पत्र, मला येतो, संसदेचा येत नाही. भारतात मत देता येतं, पण जातीने हजर राहावं लागतं. २०१४, २०१९, २०२४, एकदाही गेले नाही. एकदा तिकीट महाग होतं, एकदा मुलीची परीक्षा, एकदा नुसतंच. दोन देशांच्या कारभारावर मी रोज मत देते आणि मतदान करते ते ॲम्स्टेलव्हेनच्या कचरा, पार्किंग आणि सायकलच्या रस्त्यांसाठी. ‘तिकडे बसून’ला माझ्याकडे हेच एक उत्तर आहे आणि ते मी भावाला दिलं नाही.

नोटीस चूकच आहे, ते मी अजूनही म्हणते. शाकाहाराची ओळही चूक होती, आणि त्या मुलाला मी नाही म्हटलं ते सर्वांत. काल मी भावाला लिहिलं, जूनमध्ये फ्लॅट रिकामा होतोय, जाहिरातीत कुठलीच अट घालू नकोस.

त्याने अंगठा टाकला. मग दोन मिनिटांनी: ‘सर्वसाधारण सभा रविवारी अकराला. तूच ये आणि सांग सगळ्यांना.’

अकरा म्हणजे इथले सकाळचे साडेसात. ऑनलाइन चालेल का, विचारलंय.