हो, शनिवार सोयीचाच होता

‘एक प्राणिमित्र’ यांस,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस दिलंही नाही. पण काल रात्री कंपनीतून आलो, जेवायला बसलो तर हिने विचारलं, त्या प्रतिक्रियेचं काय केलंत, आणि घास तोंडातच फिरायला लागला. म्हणून लिहितोय. लांबेल, इलाज नाही.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. आमचा बंड्या, लॅब्राडोर आणि गावठी असा क्रॉस, दोन्ही किडन्या गेलेल्या, कंबर धरलेली. संक्रांतीनंतरच्या शनिवारी डॉक्टरांना घरी बोलावून त्याला इंजेक्शन देऊन शांत केलं. तो निर्णय कसा घेतला ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की त्या दिवशी पेढा खाणाऱ्या आणि शेपटी हलवणाऱ्या कुत्र्याला आम्ही मारलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं नाही, मुंबईला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं नाही, धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला होता, आणि तुमची स्वतःची कुत्री पंधरा वर्षांची आहे, तिलाही किडनीचाच त्रास आहे आणि तुम्ही तिला रोज सलाईन देऊन सांभाळताय. आणि मग शेवटचं वाक्य: "शेवटी काय, तुम्ही तुमच्या सोयीचा वार निवडलात." त्याच्यापुढे हात जोडल्याचं चिन्ह.

आधी माझी चूक. लेखात एका ठिकाणी बंड्याचं वय १३ आणि दुसरीकडे १४ पडलंय, ते तुम्ही बरोबर पकडलंत. लसीकरणाचं कार्ड काढून बघितलं, १३ वर्षं ७ महिने. दुरुस्त केलंय, आभारी आहे. इतकं बारीक वाचणाऱ्या माणसाने मधले चार परिच्छेद पण वाचले असते तर बरं झालं असतं, पण असो.

मुद्दा मांडायला माझी कधीच ना नाही. पण ही "शेवटी काय" बोलायची कुठली रीत? "शेवटी काय" म्हणजे तुम्ही कितीही सांगा हो, आम्ही सगळं ओळखून आहोत. आमच्याकडे लग्नात मानपानावरून रुसलेले मामा असं बोलतात. आणि वर हात जोडायचे! टोमणा मारायचा तर सरळ मारा, नमस्कार कशाला त्याला? तुम्ही बाई आहात की बुवा तेही मला माहीत नाही, नाव लपवून लिहिलंय, आणि मी इथे माझ्या घरातलं सगळं उघडं करून बसलोय.

आता तो वार. मीच लिहिलं होतं की शनिवार ठरवला कारण सगळ्यांना सुट्टी होती. लपवलं नव्हतं. आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी शनिवारची असते, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या कुणाला त्यात नवल वाटणार नाही. पोरगी पुण्याला शिकते, तिचा शेवटचा पेपर शुक्रवारी होता, ती रात्रीच्या बसने येऊन पहाटे नाशिकला द्वारका चौकात उतरली (नाशिक-पुणे सरळ रेल्वे व्हायची तेव्हा होवो, आपल्या नशिबी ट्रॅफिक). सहावीत असल्यापासून तो तिच्या पायाशी झोपायचा. तिला कळवायचं नाही, आणि नंतर फोन करून सांगायचं की झालं बरं का? हे तुम्हाला जास्त माणुसकीचं वाटलं असतं का?

आणि सोय म्हणजे काय हो? सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत रोज पहाटे पाचला मी उठत होतो, पहिली पाळी असो नसो. सलाईनची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची, बाटली थंडीत तशीच लावली तर तो शहारायचा, म्हणून आधी बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवायची, मग पडद्याच्या दांडीला सुतळीने टांगायची, दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून अठरा नंबरची सुई सारायची आणि २५० मिली जाईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसायचं. पाठीवर उंटासारखं टेंगूळ यायचं, संध्याकाळपर्यंत ते पुढच्या पायात उतरायचं. नाशिकची जानेवारी तुम्हाला माहीत असेल, नसेल तर एकदा पहाटे पाचला म्हसरूळला येऊन फरशीवर बसून बघा. हे सगळं मी कौतुकासाठी सांगत नाही. पण ज्याला सोय बघायची असते तो ऑक्टोबरातच मोकळा होतो.

बरं, नुसती किडनी असती तरी एक वेळ ठीक. कंबरेच्या दुखण्यावर मेलोक्सिकॅम आधी छान लागू पडत होतं, पण ते किडनीला घातक म्हणून बंद करावं लागलं. मग दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी गुंगी यायची पण दुखणं पूर्ण जायचं नाही. म्हणजे कंबर बघावी तर किडनी जाते, किडनी बघावी तर तो बसायला जाताना कळवळतो. किडनीचा पाऊण भाग निकामी होईपर्यंत रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसायला लागत नाही, आणि ते पाचच्या वर गेलं की डॉक्टर लोक शेवटची पायरी म्हणतात. बंड्याचं ७.८ होतं. तुमच्या कुत्रीचं किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचं जनावर सलाईनवर आणि पथ्यावर बरेच दिवस छान काढतं, काढू दे, मला आनंदच आहे. पण तिच्यावरून बंड्याला मोजू नका.

शेपटीचं म्हणाल तर, चार महिने ज्या डॉक्टरांनी त्याला टोचलं त्यांना बघूनही तो शेपटी हलवायचा. तो त्याचा स्वभाव होता, तब्येतीचा रिपोर्ट नव्हता. पेढा त्याने चाटला, खाल्ला नाही, मी लेखात "खाल्ला" लिहिलं ते... जाऊ दे. तोंडात फोड आले होते, श्वासाला अमोनियासारखा वास येत होता. डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस म्हणून अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ आहेत, त्यांनी २००४ साली सात गोष्टींचं एक मोजमाप काढलं: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी मार्क, एकूण ३५ च्या वर असतील तर ठेवा. आम्ही तिघांनी वेगवेगळे मार्क दिले, माझे सगळ्यात जास्त होते, २२. हिने त्याच्याही आधी स्वतःची पद्धत काढली होती. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच चौकोनात दुधाच्या खाली "खा" किंवा "ना" लिहायची. डिसेंबरच्या पानावर नऊ "खा" आहेत. जानेवारीच्या पानावर एक. ते पान अजून भिंतीवर आहे, उलटवायला कुणाचा हात होत नाही.

धर्मराजाचं. महाप्रस्थानात त्याच्यामागे चालत आलेला कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता, त्याचं क्रिएटिनिन वाढलेलं नव्हतं. दाखलेच द्यायचे तर मीही देतो. साबरमती आश्रमात १९२८ साली एक वासरू असंच असाध्य दुखण्याने तडफडत होतं, गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला इंजेक्शन द्यायला लावलं आणि ते स्वतःच छापून जाहीर केलं. त्यांनाही संतापलेली पत्रं आली होती. मी गांधी नाही हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो.

परळ आणि दुसरं मत, याबद्दल एवढंच, की त्या अवस्थेत त्याला कसारा घाट उतरवून बैलघोड्याच्या दवाखान्यात न्यायचं की नाही हा आमचा घरातला विषय होता. त्यावर मी इथे बोलणार नाही.

बोलायचंच असेल तर मला हे बोलायचंय. "नैसर्गिकपणे जाऊ द्यायचं" असं तुम्ही दोनदा लिहिलंत. नैसर्गिक मरण तुम्ही जवळून पाहिलंय का? मी पाहिलंय. निफाड तालुक्यात आमच्या आजोबांचा द्राक्षांचा मळा होता, तिथला वाघ्या ट्रॅक्टरखाली आला आणि त्याचा कणा मोडला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आजोबा वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, जनावर आहे, जाईल आपोआप. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर ठेवलं. आजी चमच्याने पाणी घालायची, ते गालातून बाहेर यायचं. पहिल्या रात्री तो ओरडला, दुसऱ्या रात्री ओरडला, तिसऱ्या रात्री फक्त दात वाजत होते, आणि मी माळ्यावर उशी कानावर दाबून पडलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी "आपोआप" गेला. चाळीस वर्षं झाली, मला अजून त्या गोणपाटाचा वास येतो. तेव्हा हा शब्द माझ्यासमोर जपून वापरा.

आणि एवढं सगळं माहीत असून मी काय केलं ते ऐका, तुम्हाला आवडेल. डॉक्टरांनी बुधवारीच सांगितलं होतं की आता थांबण्यात अर्थ नाही, आज म्हणाल तर आज संध्याकाळी येतो. मी म्हटलं शनिवारी. गुरुवारी रात्री दीडला त्याला पहिला झटका आला, पाय ताठ, तोंडाला फेस, गादी ओली. हिने डोकं धरलं, मी पाय. शुक्रवारी दोनदा आला. पोरीला फोनवर आम्ही सांगितलं की झोपलाय. म्हणजे वार सोयीचाच होता, तुम्ही बरोबर पकडलंत, फक्त तुम्हाला वाटतं आम्ही घाई केली. आम्ही तीन दिवस उशीर केला.

शनिवारी दहा वाजता डॉक्टर आले. पुढच्या पायात सुई आधीपासून लावलेलीच होती. पहिलं गुंगीचं दिलं, त्याने पोरीच्या मांडीवर मान टाकली आणि कित्येक दिवसांनी घोरला. दुसरं पिवळट रंगाचं होतं. ते पूर्ण जायच्या आतच त्याचं पोट हलायचं थांबलं. डोळे उघडे राहतात, मिटत नाहीत, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तरी पोरगी परत परत पापण्यांवरून हात फिरवत होती. दुपारी मखमलाबादला मित्राच्या मळ्यात नेलं.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे. मात्र यापुढे नाव घालून लिहा.

आणि एक. रिंगर लॅक्टेटच्या सात बाटल्या घरात उरल्यात, सीलबंद, ५०० मिलीच्या. एक्सपायरी पुढच्या मार्चची आहे. सुयांचं एक पाकीटही आहे. तुम्ही नाशिकमध्ये राहत असाल आणि तुमच्या कुत्रीच्या डॉक्टरांनी हेच लिहून दिलेलं असेल तर खाली कळवा, शनिवारी मी घरीच असतो.