कोरडवाहू जोंधळा आणि माझं अर्धं गणित : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्या हिशेबानं रब्बी जोंधळ्याला दिवसाला 4 मिलिमीटर पाणी लागतं. मंगळवेढ्याकडं आमचा जोंधळा एकही पाणी न देता काढणीला येतो. मग खोटं कोण, गणित की जोंधळा?’

चूक पिकाच्या पाण्याच्या हिशेबावरच्या माझ्या लेखाची आहे. संदर्भ बाष्पोत्सर्जनाला (त्या हवेत प्रमाण मानलेल्या गवताच्या रानातून दिवसाला उडणाऱ्या पाण्याला) पीक गुणांकानं, म्हणजे त्या गवताच्या तुलनेत आपल्या पिकाला किती पाणी लागतं त्या आकड्यानं, गुणून मी तिथंच थांबलो. तो आकडा रानात ओल भरपूर असतानाचा. ओल उतरत गेली की काय होतं, हे कोरडवाहूत आधी सांगायला हवं होतं.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) 1998 सालच्या 56 क्रमांकाच्या पुस्तिकेत त्यासाठी ताण गुणांक दिलाय; ओल पुरेशी असेपर्यंत तो 1 असतो, पुढं ओल सरेल तसा शून्याकडं उतरतो. तो तुमच्या रानावर मांडतो. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाच्या उपयोगाची ओल 160 मिलिमीटर धरू. त्यातली साधारण 55 टक्के, म्हणजे 88 मिलिमीटर, सरेपर्यंत ज्वारीला ताण बसत नाही. रोज 4 प्रमाणे हे 22 दिवस झाले. (थंडीत मागणी कमी असते, तेव्हा ही मर्यादा थोडी पुढंही सरकते.) मग पीक हात आखडतं. 124 मिलिमीटर सरल्यावर गुणांक निम्मा होतो आणि उचल दिवसाला 2 वर येते. मुळं मीटरच्या खाली उतरली तर तिथली ओल वेगळीच. फूटभर मुरमाड रानात मात्र सगळी मिळून 30 मिलिमीटर धरली, तर चार दिवसांतच ताण सुरू.

म्हणून ‘जोंधळ्याला पाणी लागतच नाही’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. लागतं, तुम्ही ते सप्टेंबरच्या पावसातून रानात मुरवलेलं असतं. आणि तग धरणं म्हणजे भरलेलं कणीस नव्हे. पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात असताना, ताण बसला तर दाण्यात तूट येतेच.

भेगांतूनही ओल उडते, हा तुमचा मुद्दा मात्र पुरता पटला. एफएओच्या त्या पद्धतीत मातीतून थेट उडणारं पाणी वरच्या 10 ते 15 सेंटिमीटरच्या थरातूनच धरतात. आपलं काळं रान हातहात खोल भेगाळतं आणि ओल त्या भेगांतून खालूनही उडते. कोळपं घालून भेगा बुजवणाऱ्याचं किती पाणी वाचलं, हे माझ्या हिशेबात कुठंच येत नाही.

लेखातला तक्ता आज बदलतोय. तुमच्याकडून एक हवंय. जोंधळा पोटरीत आला की एक, दोन आणि तीन फुटांवरची माती काढून तोला, पूर्ण वाळवून पुन्हा तोला. चार ओळी न कोळपता ठेवता आल्या, तर त्यांची वजनं वेगळी लिहून पाठवा.