मध्यवर्ती बँक वठणीवर आणण्याची रीत

आपण सत्तेवर आहात, तिजोरीत खडखडाट आहे, निवडणूक उंबरठ्यावर आहे आणि मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर व्याजदर उतरवायला तयार नाही. अशा वेळी आधी लोकशाहीचा कैवार घ्यावा. या गृहस्थाला कोणी निवडून दिले, असे भर सभेत विचारावे. प्रश्न वाजवी आहे, हीच त्यातली सोय; फक्त दर उतरत असताना तो चुकूनही विचारू नये.

तेवढ्याने भागले नाही, तर गव्हर्नरच बदलावा, पण वार पाहून. तुर्कस्तानात मार्च 2021 मध्ये गव्हर्नर नाजी अग्बाल यांनी एका गुरुवारी धोरणदर, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा मुख्य व्याजदर, 17 वरून 19 टक्क्यांवर नेला आणि शनिवार उजाडण्याआधी त्यांच्या गच्छंतीचा हुकूम राजपत्रात छापून आला. शनिवार-रविवार चलनबाजार बंद असतो, तेवढीच उसंत. सोमवारी तिथले चलन लिरा एका क्षणी सुमारे 15 टक्क्यांनी कोसळला. पण अशा पडझडीचे खापर परक्यांच्या कटावर फोडता येते आणि त्याला पुरावा लागत नाही.

नवा गव्हर्नर निवडताना मान डोलावण्याची ढब तेवढी पाहावी. चढ्या व्याजदरामुळेच महागाई वाढते, हा साहेबांचा सिद्धांत त्याला पहिल्या दिवसापासून पटलेला असावा. तुर्कस्तानात त्याच वर्षाअखेर दर 14 टक्क्यांवर आला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये वार्षिक महागाई 85 टक्क्यांच्या पुढे गेली. आकडा असा डोळ्यांत खुपू लागला, तर भाव मोजणारी माणसे बदलावीत. अर्जेंटिनाच्या सरकारने 2007 मध्ये सांख्यिकी संस्थेत तेच केले आणि पुढे महागाईचे स्वतंत्र अंदाज छापणाऱ्या सल्लागारांना दंडही ठोठावला.

एक बारीकशी अडचण मात्र राहतेच. मध्यवर्ती बँक दर ठरवते तो बँकांच्या अगदी थोड्या दिवसांच्या उसनवारीचा. सरकारला दहा वर्षांसाठी कर्ज देणारा सावकार आपल्या हुकमाचा ताबेदार नसतो, आणि गव्हर्नर खिशात गेल्याचा वास येताच तो पुढच्या दहा वर्षांची महागाई आजच व्याजात धरून मोकळा होतो. त्यावर देशी बँकांना सरकारी रोखे घेण्याची सक्ती करण्याचा तोडगा आहे आणि तुर्कस्तानाने तोही करून पाहिला.

पुढे 8.5 टक्क्यांपर्यंत उतरवलेला तिथला दर जून 2023 पासून चढवत चढवत मार्च 2024 मध्ये 50 टक्क्यांवर न्यावा लागला. मे 2023 ची निवडणूक तोवर जिंकून झाली होती.